वर्तमानपत्राचें शेवटचें पान

जुन्या वर्तमानपत्राची फाईल हातीं आली म्हणजे वाचणाराची दृष्टि प्रथम अग्रलेखाकडे जाते. संपादकानें सरकारवर काय टीका केली, सभेंत कोण काय बोललें, कोणत्या वादास कोणी काय उत्तर दिलें, हें सारें तेथें सांपडतें. आणि मराठी वृत्तपत्रांचे इतिहास बहुतांशीं याच मजकुरावरून लिहिले गेले आहेत. शेवटचें पान मात्र न वाचतांच राहतें. तेथें बालामृताच्या बाटलीचें चित्र असतें, त्याच्या शेजारीं कोर्टाच्या लिलावाची नोटीस असते, आणि खालीं कोपऱ्यांत कोणी बाप आपल्या मुलास कर्ज देऊं नये म्हणून जगाला बजावीत असतो. अग्रलेख लिहिणाराला आपण इतिहासांत जाणार याची थोडीबहुत जाणीव असे. नोटीस देणाराला ती नसे. आपलें काम व्हावें एवढेंच त्याचें प्रयोजन. म्हणूनच त्याच्या चार ओळींत आव फारसा आढळत नाहीं. औषधवाल्यांची गोष्ट वेगळी. ती पुढें येईलच.

मराठींतलें पहिलें वर्तमानपत्र 'दर्पण' हें ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें. पुढील अर्धशतकांत हें लोण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गांवीं पोंचलें. 'बेळगांव समाचार' १८६३ सालीं निघाला, रत्नागिरीचा 'सत्यशोधक' १८७१ सालीं. वाईस 'मोदवृत्त' होतें, नाशिकास 'नाशिकवृत्त' होतें. हीं बहुतेक साप्ताहिकें. वर्गणीदार थोडे, त्यांतून वर्गणी वेळेवर पाठविणारे त्याहूनही थोडे. अशा पत्राचा संसार चाले तो लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकें छापणाऱ्या छापखान्यावर, आणि शेवटच्या पानावर.

हें शेवटचें पान ज्यांच्याविषयीं असे, त्यांतले पुष्कळजण तें वाचूं शकत नसत. नाशिकरोड स्टेशनापासून थोड्याच मैलांवर गोदावरीच्या कांठीं एकलहरें हा गांव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं नाशिक शहरापासून स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम धांवत होती. शहरांत १८४० पासून सार्वजनिक वाचनालय होतें. तेथें येणाराला मुंबई-पुण्याचीं पत्रें वाचावयास मिळत. स्टेशनाच्या पलीकडे मात्र शेतकऱ्यांचीं गांवें लागत आणि छापील अक्षराचें राज्य तेथें संपे. १९११ च्या खानेसुमारींत सबंध हिंदुस्थानांत शेंकडा सुमारें सहा माणसें साक्षर ठरलीं. स्त्रियांत तें प्रमाण शेंकडा एक. अशा गांवाला सरकारचा किंवा कोर्टाचा हुकूम कळे तो डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं. चावडीपुढें दवंडी पिटली जाई आणि गांव ऐकून घेई. बहुतेक गांवीं हें काम वतनदार महाराकडे असे.

कायद्यालाही ही वस्तुस्थिति ठाऊक होती. १९०८ चा दिवाणी कामकाजाचा कायदा १ जानेवारी १९०९ पासून अमलांत आला. सावकारानें हुकूमनामा मिळविला, दरखास्त दिली आणि कुळाच्या जमिनीवर जप्ती आणली, तर ती जप्ती कशी जाहीर करावयाची हें त्यांत सांगितलें आहे. त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगतच्या ठिकाणीं ढोल वाजवून अथवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीनें हुकूम पुकारावा. त्याची एक नक्कल मिळकतीच्या ठळक जागीं लावावी, एक कोर्टाच्या इमारतीवर लावावी, आणि जमीन सरकारसाऱ्याची असेल तर कलेक्टरच्या कचेरींतही लावावी. विलायती धर्तीवर रचलेल्या कायद्यांत ढोलाला असें मानाचें स्थान मिळालें आहे, आणि मूळ कायद्यांतले ते शब्द आजही तसेच आहेत.

वर्तमानपत्र येतें तें याच्या पुढल्या पायरीवर. लिलावाचें प्रसिद्धिपत्रक कोर्टाच्या भाषेंत काढावें, आणि कोर्टानें तसें फर्माविल्यास तें सरकारी गॅझेटांत, किंवा स्थानिक वर्तमानपत्रांत, किंवा दोहोंतही छापावें, असा नियम आहे. त्याला जोडून एक लहानसें वाक्य आहे: या छपाईचा खर्च हा विक्रीच्या खर्चांतच धरावा. वाक्य निरुपद्रवी दिसतें. पण विक्रीचा खर्च भागतो तो विकल्या गेलेल्या जमिनीच्या किंमतींतून. तेव्हां आपली जमीन जात असल्याची वार्ता जिल्हाभर पसरविण्याचा खर्चही अखेर त्या ऋणकोच्याच अंगावर येई. संपादकाला मिळालेले ते रुपये ऋणकोच्या शेतांतून आलेले असत.

या नोटिशी बारकाईनें पाहण्याजोग्या असतात. विकावयाची मिळकत कोणती, तिच्यावर सारा किती, बोजा कोणाचा, वसूल करावयाची रक्कम किती, हें सर्व प्रसिद्धिपत्रकांत आलेंच पाहिजे अशी कायद्याची आज्ञा होती. त्यामुळें एकेका नोटिशींत एकेक शेत जसेंच्या तसें उतरलेलें असे. सर्व्हे नंबर, एकर व गुंठे, आकार. मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचें शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. विहिरींत हिस्सा असेल तर त्याचा उल्लेख, बांधावर आंबा असेल तर त्याचा. शेवटीं दस्तऐवजांतली ती परंपरागत शब्दावलि, म्हणजे जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण आणि निधिनिक्षेप यांसह. जमीनमहसुलाच्या दप्तरांत आंकडे मिळतात; पण एका भावाकडे विहिरीचा चौथा हिस्सा होता आणि तोही गहाण पडला होता, ही गोष्ट शेवटच्या पानावर जितक्या उघडपणें वाचावयास मिळते तितकी इतरत्र क्वचितच.

आणि ही नोटीस म्हणजे नुसती वार्ता नव्हती. तें एक घड्याळ होतें. त्या काळच्या नियमाप्रमाणें स्थावर मिळकतीचा लिलाव प्रसिद्धिपत्रक लावल्यापासून निदान तीस दिवस करतां येत नसे. लिलाव झाल्यावरही तीस दिवसांच्या आंत ऋणकोनें प्रसिद्धिपत्रकांतली रक्कम भरली आणि खरेदीदाराला खरेदीच्या रकमेवर शेंकडा पांच टक्के दिले, तर विक्री रद्द होऊन जमीन परत मिळे. शिवाय लिलाव जाहीर करण्यांत किंवा चालविण्यांत मोठी अनियमितता अथवा लबाडी झाली, आणि तीमुळें आपलें नुकसान झालें, असें सिद्ध करतां आलें तर तेवढ्यावरूनही विक्री मोडतां येई. म्हणजे नोटीस कोणत्या तारखेच्या अंकांत आली, सर्व्हे नंबर बरोबर छापला कीं चुकला, रक्कम बरोबर कीं एक शून्य कमी, यावर एखाद्या कुटुंबाचें शेत राहणें न राहणें अवलंबून असूं शकत होतें. खिळे जुळविणाऱ्याची एक चूक अग्रलेखांत झाली तर वाचक हंसे. या चौकटींत झाली तर वकील तिचा उपयोग करी. जिल्ह्याच्या वकिलांच्या कपाटांत स्थानिक पत्रांचे अंक आढळले तर त्याचें कारण साहित्यप्रेम असेलच असें नाहीं.

शेतकऱ्याची जमीन अशी जाऊं नये म्हणून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला होता. आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खास गहाण न दिलेली शेतजमीन हुकूमनाम्याखालीं विकूं नये असा त्याचा रोख. सावकारांनीं त्यावरचें उत्तर लौकरच शोधलें: गहाणखत लिहून घेतल्याखेरीज पैसे द्यावयाचे नाहींत. तेव्हां नोटिशी थांबल्या नाहींत. त्यांत 'गहाण' हा शब्द तेवढा अधिक दिसूं लागला.

कोर्टाची नोटीस कोणत्या पत्रांत द्यावयाची हें ठरविणें कोर्टाच्या हातीं होतें. लहान गांवच्या संपादकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. सरकारी छपाईचें उत्पन्न नियमित. तें बुडविण्याची वाट वर्गणीदारांच्या उधारीइतकी लांब नव्हती. जो अंक पहिल्या पानावर मामलेदाराच्या जुलमाविषयीं लिही, त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर त्याच सरकारच्या नोटिशी असत. ही कसरत ज्यांना साधली नाहीं किंवा साधावयाची नव्हती, त्यांचे हाल झाले. १८९७ सालीं इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राच्या संपादकाला राजद्रोहाच्या खटल्यांत शिक्षा झाली. तो एका तालुक्याच्या गांवचा माणूस होता. पुढें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं आलेल्या मुद्रणाच्या कायद्यानें नव्या छापखानेवाल्याकडून पांचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. मुंबईच्या गिरणीवाल्याला ती रक्कम क्षुल्लक. लहान गांवच्या साप्ताहिकाला तेवढ्यांत दुसरा छापखाना उभा करतां आला असता. त्याच १९१० सालीं, २३ नोव्हेंबरला, मुकुंदराव पाटील यांनीं नगर जिल्ह्यांतील नेवासें तालुक्यांतल्या खेड्यांतून 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलें आणि पुढें तरवडीहून १९६७ पर्यंत चालविलें, ही गोष्ट या जमाखर्चाच्या उजेडांत पाहिली म्हणजे तिचें मोल कळतें.

सरकारी नोटिशींवर भिस्त ठेवतां येत नसे, म्हणून जागा भरे ती औषधांनीं. हीं औषधें गांवांत तयार होत नसत, गांवांत विकलींही जात नसत. त्यांना खेड्यापर्यंत आणलें टपालखात्यानें. व्हॅल्यू पेएबल पार्सलची पद्धति १८७७ सालीं सुरू झाली आणि मनिऑर्डर १८८० सालीं. एक कार्ड टाकावें, पोस्टमन बाटली घेऊन येई, पैसे त्याच्याच हातीं द्यावेत. यामुळें गिरगांवांतल्या डोंगऱ्यांचें बालामृत, वरळीच्या बाटलीवाल्यांचीं तापावरचीं औषधें, लाहोरची अमृतधारा, मुंबईस निघालेलें अमृतांजन, हीं सारीं दूरदूरच्या घरांतून ओळखीचीं झालीं. यांतलीं कांहीं टिकलीं, आणि टिकण्याजोगींही होतीं. पण त्यांच्या आजूबाजूला दुसरीही एक जात असे: एकाच गोळीनें मूळव्याध, हिवताप, स्मरणशक्तीचा ऱ्हास आणि 'धातुक्षय' बरा करणारी. खालीं प्रशस्तिपत्रें असत, तीं बहुधा दूरच्या संस्थानांतल्या कारकुनांचीं. प्लेगाच्या काळांत भीति हेंच या धंद्याचें भांडवल झालें. शहाणा संपादक हें जाणून होता. तो अग्रलेखांत पाश्चात्यांच्या भोंदूगिरीवर टीका करी आणि शेवटचें पान न वाचतां छापावयास देई. त्याला दोष देणें सोपें आहे; त्याच्या जागीं बसून छापखान्याचें भाडें भरणें तितकें सोपें नव्हतें.

ही अडचण एकट्या मराठी संपादकाची नव्हती. १९०५ सालीं अमेरिकेंतल्या 'कॉलियर्स' साप्ताहिकानें पेटंट औषधांविरुद्ध लेखमाला चालविली, तींत एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. औषधवाले गांवोगांवच्या पत्रांशीं जाहिरातींचा जो करार करीत, त्यांत लाल अक्षरांत एक कलम असे: त्या राज्यांत आमच्या औषधांना बाध आणणारा कायदा झाला तर हा करार रद्द समजावा. म्हणजे असा कायदा होऊं न देण्याची काळजी संपादकानेंच वाहावी. पुढल्याच वर्षीं, १९०६ सालीं, अमेरिकेंत औषधांतील मद्य, अफू वगैरे द्रव्यें वेष्टनावर लिहिण्याची सक्ती झाली. हिंदुस्थानांत चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा व्हावयास १९५४ साल उजाडलें.

औषधवाल्यांच्या गर्दींत एखादी निराळी जाहिरातही दिसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीपायीं तो कोणी घेईना. वस्तु चांगली असून भागत नाहीं, ती शेतकऱ्याला समजावूनही द्यावी लागते, हा धडा किर्लोस्कर घराण्यानें तेथें घेतला. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनीं कारखान्याची माहिती देण्यासाठीं काढलेली 'किर्लोस्कर खबर' पुढें मराठींतलें एक नांवाजलेलें मासिक होऊन बसली. जाहिरातीच्या पोटीं वाङ्मय जन्मास आल्याचें हें उदाहरण मराठींत तरी विरळच.

राहिल्या त्या घरगुती नोटिशी. 'माझा मुलगा वाईट संगतीस लागला आहे, त्यास कोणी कर्ज देऊं नये, दिल्यास मी जबाबदार नाहीं.' अशा तऱ्हेचा हा मजकूर असे. सज्ञान मुलानें स्वतःपुरत्या काढलेल्या कर्जाला बाप कायद्यानें एरवींही जबाबदार नव्हता. हिंदु धर्मशास्त्रांत बोजा उलट दिशेचा, बापाचें ऋण मुलानें फेडावयाचें. तरीही बाप पैसे खर्चून नोटीस देई, कारण पेठेंतला सावकार कायदा पाहून नव्हे तर बापाचें नांव पाहून उधार देत असे. तेंच पत्नीविषयीं. 'माझी बायको घरांतून दागिने घेऊन निघून गेली आहे', असें नवऱ्यानें छापलें कीं तिची बाजू त्या पानावर येण्याचा संभव जवळजवळ नसे. जिच्यापाशीं ना पैसा ना अक्षर, ती प्रतिनोटीस देणार कशी? शेवटच्या पानावर प्रत्येकाला जागा मिळे असें म्हणण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे.

पैसे असूनही जागा न मिळाल्याचें उदाहरण तर प्रसिद्धच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'मूकनायक' हें पाक्षिक सुरू केलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं त्यासाठीं अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. नवें पत्र निघत असल्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठविण्यांत आली, तिचे पैसेही देऊं केले. 'केसरी'नें ती छापली नाहीं. त्या काळीं मराठी वाचकांत सर्वांत दूरवर पोंचणाऱ्या पत्रांपैकीं तें एक होतें. त्याच्या जाहिरातींच्या पानांवर तेलाला जागा होती, अर्काला जागा होती. ज्या समाजाच्या माणसानें पिढ्यान् पिढ्या गांवोगांव चावडीपुढें उभें राहून दुसऱ्यांच्या नोटिशी पुकारल्या, त्या समाजाच्या पत्राची नोटीस छापावयास मात्र नकार मिळाला. 'मूकनायक' १९२३ सालीं बंद पडला. ३ एप्रिल १९२७ रोजीं आंबेडकरांनीं 'बहिष्कृत भारत' काढलें. दवंडीसारख्या कामांची बेगार ज्या वतनामुळें गळ्यांत पडली होती, तें महारवतन मुंबई राज्यांत १९५८ च्या कायद्यानें रद्द झालें.

देशी भाषेंतल्या स्थानिक पत्राला कायद्यानें नांव घेऊन जागा दिली ती बरीच उशिरां. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत भागीदारी मोडल्याची 'जाहीर नोटीस' द्यावी एवढेंच होतें. ती कोठें द्यावी याचा खुलासा नव्हता. १९३२ च्या भागीदारीच्या कायद्यानें स्पष्ट केलें कीं सरकारी गॅझेटाखेरीज, पेढी ज्या जिल्ह्यांत असेल तेथें खपणाऱ्या निदान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रांत नोटीस आली पाहिजे. किराणा मालाच्या दोन भागीदारांचें भांडण झालें तरी जिल्ह्याच्या मराठी पत्राचा कांहीं रुपयांचा फायदा व्हावा, अशी ही सोय झाली. नाशिकास १९३८ सालीं 'गांवकरी' साप्ताहिक निघालें तेव्हां हा कायदा सहा वर्षांचा होता.

शेतकऱ्याच्या जमिनीच्या बाबतींत मात्र याहूनही उशीर झाला. सार्वजनिक कामासाठीं जमीन घेण्याचा १८९४ चा कायदा सरकारी गॅझेटांतली प्रसिद्धि आणि त्या त्या ठिकाणीं सोयीच्या जागीं जाहीर नोटीस एवढ्यावर समाधान मानीत होता. ती अधिसूचना दोन दैनिकांत, आणि त्यांतलें निदान एक प्रादेशिक भाषेचें, छापण्याचें बंधन १९८४ च्या दुरुस्तीनें आलें. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० सालीं सुरू झाला. त्या शिवारावर धुराडीं चढत होतीं त्या वर्षांत जमीन घेण्याची वार्ता वर्तमानपत्रानें गांवाला सांगितलीच पाहिजे असें कायद्याचें म्हणणें नव्हतें. गॅझेट नाशिकच्या कचेऱ्यांत येई, आणि बाकीचें काम गांवांत लावलेल्या कागदावर सोंपविलेलें होतें.